क्षितिज न संपणारी वाट : जॉर्ज वायमनची १९०३ सालची एकाकी मोटारसायकल यात्रा

पर्वत ओलांडणाऱ्या प्रवाशाची कथा रंगवून सांगता येते. तिच्यात चढ असतो, कडा असतो, शिखर असते आणि शिखरावर पोहोचल्यावर मागे वळून पाहण्याची एक हक्काची जागा असते. सपाट मैदान पार करणाऱ्या प्रवाशाला यांपैकी काहीच लाभत नाही. सकाळी निघताना क्षितिज जेवढे दूर असते, तेवढेच ते संध्याकाळी मुक्कामाला टेकताना दूर असते. दिवसभर कष्ट केले याची साक्ष द्यायला भोवतालचा देखावाही बदललेला नसतो. असा प्रवास एकट्याने करायचा, तोही रस्ते नसलेल्या काळात आणि वरचेवर बिघडणाऱ्या यंत्रावर बसून, तर माणसाच्या कोणत्या गुणाची कसोटी लागते?

या प्रश्नाचे उत्तर १९०३ साली अमेरिकेतील एका तरुणाने आपल्या कृतीने दिले. त्याचे नाव जॉर्ज ॲडम्स वायमन. १६ मे १९०३ रोजी दुपारी अडीच वाजता सॅन फ्रान्सिस्को शहरातील लोटाच्या कारंजापासून तो मोटारसायकलवरून निघाला आणि ६ जुलै रोजी न्यूयॉर्कला पोहोचला. पॅसिफिक महासागरापासून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ३,८०० मैल, म्हणजे सहा हजार किलोमीटरांहून अधिक अंतर त्याने एकट्याने कापले. इंजिनाच्या बळावर चालणाऱ्या वाहनाने अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडणारा तो पहिला मनुष्य होय. तरीही त्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

सव्वा अश्वशक्तीचे वाहन

वायमनचा जन्म १८७७ सालचा. तो मूळचा सायकलपटू; सॅन फ्रान्सिस्कोच्या 'बे सिटी व्हीलमेन' या सायकल-मंडळाचा सभासद. १९०२ साली त्याने मोटारसायकलवरून सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून नेवाडा राज्यातील रेनो शहर गाठले होते. पर्वत ओलांडता येतो, तर पुढचे खंड का ओलांडता येऊ नये, हा विचार त्या प्रवासातून त्याच्या मनात रुजला.

त्याचे वाहन कोणते होते, हे समजल्याशिवाय त्या विचाराचे धाडस कळत नाही. 'कॅलिफोर्निया' नावाची ही मोटारसायकल म्हणजे वस्तुतः एक दणकट सायकलच होती. पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी कडांची चाके, स्प्रिंगचे खोगीर आणि सांगाड्याच्या मध्यभागी बसवलेले सुमारे ९० सीसीचे लहानसे इंजिन. त्याची शक्ती होती सव्वा अश्वशक्ती. आज गावोगावी धावणाऱ्या शंभर सीसीच्या मोटारसायकलची शक्ती आठ अश्वशक्तीच्या आसपास असते, हे ध्यानी घेतले म्हणजे फरक लक्षात येतो. चांगल्या रस्त्यावर ताशी पंचवीस मैल हा तिचा कमाल वेग. इंजिनाची गती मागच्या चाकापर्यंत नेण्यासाठी एक चामड्याचा पट्टा होता. गिअर नव्हते. सायकलीची पायडले मात्र तशीच ठेवलेली होती. इंजिन सुरू करण्यासाठी, चढावर त्याला हातभार लावण्यासाठी आणि ते अगदीच थांबले तर स्वतःच्या पायांनी पुढे जाण्यासाठी.

सामानही बेताचेच होते. थोडे कपडे, दुरुस्तीची हत्यारे, पाण्याची बाटली, पेट्रोल आणि तेलाचे डबे, एक छोटा कोडॅक कॅमेरा, अंतर मोजण्याचे यंत्र आणि एक रिव्हॉल्व्हर. यापेक्षा अधिक ओझे त्या इंजिनाला झेपलेही नसते. जे बरोबर नेता येत नव्हते, ते वाटेत मिळेल असा भरवसा ठेवूनच निघणे भाग होते.

त्या काळातील अमेरिकन रस्त्यांची स्थिती आज कल्पनेत आणणे कठीण आहे. पुढच्याच वर्षी, १९०४ साली, तेथील सरकारने ग्रामीण रस्त्यांची मोजदाद केली. वीस लाख मैलांहून अधिक रस्ते नोंदले गेले. पण त्यांतील सुमारे सात टक्के रस्त्यांवरच खडी, मुरूम किंवा तत्सम काही पसरलेले होते. उरलेले सारे मातीचे. पश्चिमेकडील राज्यांत तर दोन गावांमधला 'रस्ता' म्हणजे बहुधा बैलगाड्यांच्या आणि घोडागाड्यांच्या चाकोऱ्या एवढाच अर्थ होता.

मैदानाच्या उंबरठ्यापर्यंत

पहिल्याच टप्प्यात पावसाने आणि चिखलाने त्याची गाठ घेतली. सिएरा नेवाडात मे महिन्यातही हिम शिल्लक होते. तेथे रेल्वेमार्गावर हिम साचू नये म्हणून मैलोन्‌मैल लाकडी छपरे उभारलेली होती. त्या अंधाऱ्या छपरांखालून, रुळांमधल्या स्लीपरवरून मोटारसायकल ढकलत त्याला घाट पार करावा लागला. पलीकडे नेवाडाचे वाळवंट. तेथे वाळूत चाके रुतत. त्यानंतर युटा आणि मग वायोमिंगचे उंच, ओसाड पठार. लारामी आणि शायन या शहरांच्या दरम्यान रेल्वेमार्ग आठ हजार फुटांहून अधिक उंचीवर चढतो आणि तेथून पूर्वेकडे उतरू लागतो.

शायननंतर देश पालटतो. डोंगर पाठीमागे राहतात, निळसर होत जातात आणि शेवटी दिसेनासे होतात. समोर उरते ती प्रेअरी.

दिसत नाही असा उतार

प्रेअरी म्हणजे उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेला, झाडे जवळजवळ नसलेला, गवताळ प्रदेश. त्याची दक्षिण सीमा टेक्सासात आणि उत्तर सीमा कॅनडात आहे. वायमनला ओलांडायचा होता तो नेब्रास्का, आयोवा आणि इलिनॉय या राज्यांतून जाणारा त्याचा आडवा पट्टा.

हा प्रदेश सपाट दिसतो, पण तो खरोखर सपाट नाही. रॉकी पर्वतावरून लक्षावधी वर्षे वाहून आलेल्या गाळाची ही एक विस्तीर्ण उतरंड आहे. शायन समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांवर आहे आणि मिसुरी नदीकाठचे ओमाहा सुमारे एक हजार फुटांवर. दोहोंमधील सुमारे पाचशे मैलांत भूमी पाच हजार फूट खाली येते. हिशेब केला तर मैलाला दहा फूट. इतका हळुवार उतार डोळ्यांना दिसत नाही आणि पायांनाही जाणवत नाही. प्रवाशाला वाटते की आपण एकाच जागी आहोत. प्रत्यक्षात तो एक अख्खा पर्वत उतरत असतो.

पूर्वेकडे जाताना पाऊसही वाढत जातो. नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला वर्षाकाठी पंधरा-सोळा इंच, तर पूर्व टोकाला तीस इंचांच्या आसपास. त्यामुळे पश्चिमेकडे गवत आखूड, जमिनीलगत. आणि पूर्वेकडे, जेथे नांगर लागला नव्हता तेथे, माणसाच्या उंचीपर्यंत जाणारे. झाडे दिसत ती नदीकाठी, विशेषतः कॉटनवुडची. दूरवरून गाव ओळखायचे ते पाण्याच्या टाकीवरून किंवा धान्याच्या उंच कोठारावरून. ते कोठार समोर दिसू लागल्यानंतरही तासभर तेवढेच दूर वाटत राही.

'मोकळे मैदान' हा शब्द तेथे सहज वापरला जातो. पण हे मैदान आपोआप मोकळे झालेले नव्हते. येथे पॉनी, लाकोटा, शायन इत्यादी जमाती पिढ्यान्‌पिढ्या राहत होत्या. पॉनी लोकांना १८७०च्या दशकात आपली भूमी सोडून दक्षिणेकडे जावे लागले. ज्या गवतावर एकेकाळी कोट्यवधी गवे चरत, तेथे १८८०च्या दशकाअखेर साऱ्या खंडात मिळून जेमतेम हजारभर गवे उरले. कातड्यासाठी आणि केवळ करमणुकीसाठीही त्यांची हत्या झाली. मागे राहिलेली हाडे नंतर गोळा करून रेल्वेने कारखान्यांत नेण्यात आली; त्यांचे खत झाले, आणि साखर शुद्ध करण्यासाठी लागणारा हाडांचा कोळसाही झाला. वायमन ज्या शांततेतून गेला, तिच्या तळाशी एवढा मोठा संहार होता.

त्या मोकळ्या केलेल्या भूमीवर नवे शेतकरी आले. १८६२ सालच्या कायद्याने प्रत्येक कुटुंबाला १६० एकर जमीन नाममात्र शुल्कात मिळू शकत होती; अट एवढीच की पाच वर्षे तेथे राहून ती कसावी. लाकूड नसल्याने अनेकांनी गवताच्या मुळांनी घट्ट झालेल्या मातीच्या विटा कापून घरे बांधली. पूर्वेकडे ही जमीन सोन्यासारखी पिकली. पश्चिमेकडे मात्र, जेथे पाऊस पुरेसा नव्हता, तेथे १६० एकरांत संसार उभा राहीना आणि कित्येक कुटुंबे जमीन सोडून परतली. उदार दिसणारा करारही जमिनीचा स्वभाव न ओळखता केला तर कसा फसतो, याचे ते मोठे उदाहरण आहे.

चिखल आणि रूळ

१९०३च्या मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या प्रारंभी अमेरिकेच्या मध्यभागी अतिवृष्टी झाली. कॅन्सस नदीला आलेल्या पुराने टोपेका आणि कॅन्सस सिटी या शहरांत हाहाकार माजवला. वायमनची वाट त्या पूरक्षेत्राच्या उत्तरेकडून जात होती. परंतु पावसाने भिजलेली माती तिथेही होती.

प्रेअरीची माती कोरडी असताना दगडासारखी घट्ट आणि भिजली की आपल्याकडच्या काळ्या रेगडीसारखी चिकट. तिचा थर चाकावर चढतो, त्यावर दुसरा थर चढतो, आणि थोड्याच वेळात चाक सांगाड्यात अडकून फिरायचेच थांबते. मग उतरायचे, काठीने किंवा हत्याराने माती खरवडायची, थोडे अंतर जायचे आणि पुन्हा उतरायचे. चामड्याचा पट्टा भिजला की सैल होऊन घसरतो. इंजिन धडधडत राहते आणि चाक मात्र जागचे हलत नाही. तो वाळला की आक्रसतो, कडक होतो आणि तुटतो. अशा वाटेवर एका दिवसाचे काम म्हणजे पट्टा कापणे, जोडणे, ताणणे आणि पुन्हा पुढे निघणे.

यावर वायमनने काढलेला उपाय म्हणजे रेल्वेमार्ग. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणारी पहिली रेल्वे १० मे १८६९ रोजी युटातील प्रॉमॉन्टरी येथे पूर्ण झाली होती. तिचा युनियन पॅसिफिक हा भाग नेब्रास्कातून प्लॅट नदीच्या काठाकाठाने जातो. त्याच नदीकाठाने त्यापूर्वी ओरेगनकडे जाणाऱ्या स्थलांतरितांच्या गाड्या गेल्या होत्या. नदीने दाखवलेली वाट गाड्यांनी घेतली, गाड्यांची वाट रेल्वेने घेतली आणि आता रेल्वेची वाट या एकट्या मोटारसायकलस्वाराने घेतली. आपल्या एकूण प्रवासाचा फार मोठा भाग त्याने रुळांच्या कडेने किंवा थेट स्लीपरवरून पार केला.

हा उपायही सुखाचा नव्हता. स्लीपर दीड-दोन फुटांच्या अंतराने असतात. प्रत्येकावर चाक आदळते आणि तो हादरा हाताला, पाठीला, दातांना बसतो. पुलावर कडेला सरायला जागा नसते. स्वतःच्या इंजिनाच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येईलच असे नाही. तासन्‌तास कान मागे आणि डोळे पुढे ठेवून, हादरे सोशीत जायचे. आणि हे एक दिवस नव्हे, तर दिवसामागून दिवस. याच हादऱ्यांनी सांगाडा, चाके आणि यंत्राचे सांधे खिळखिळे होत गेले.

एकटा, पण निराधार नव्हे

'एकट्याने केलेला प्रवास' असे म्हणताना एक गोष्ट विसरली जाते. वायमनच्या सोबतीला कोणी नव्हते. परंतु त्याच्या वाटेवर माणसे होती. वाफेच्या इंजिनांना ठरावीक अंतराने पाणी लागे, म्हणून रेल्वेने ठिकठिकाणी टाक्या बांधल्या आणि त्यांच्याभोवती लहान गावे वसली. रुळांची निगा राखणाऱ्या गँगमनच्या वस्त्या मैलामैलांवर होत्या. वाळवंटात आणि मैदानात जेथे दुसरे छप्पर नव्हते, तेथे अशा वस्त्यांवर त्याला अन्न आणि आसरा मिळाला.

त्या काळी पेट्रोलपंप ही गोष्टच नव्हती. पेट्रोल मिळे ते किराणा, औषधे किंवा लोखंडी सामान विकणाऱ्या दुकानांत. कारण लोक ते शेगडीसाठी आणि कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी वापरीत. रेल्वेने आलेला एखादा पिंप दुकानाच्या मागच्या बाजूला ठेवलेला असे आणि दुकानदार त्यातून डबा भरून देई. आपल्या दुकानातील पेट्रोलवर कोणी खंड पार करील, असे त्या दुकानदाराच्या स्वप्नातही आले नसेल. पण त्याने माल ठेवला होता, मोजून दिला, वाजवी दाम घेतले आणि त्या प्रवासाचा एक टप्पा पार पडला. गावचा लोहार पोलादाचा तुकडा जोडून देई. सायकल दुरुस्त करणारा टायर सांधून देई. तारघर आणि रेल्वे यांच्यामुळे दूरच्या कारखान्यातून सुटा भाग मागवणे शक्य होई, मग त्याला कितीही दिवस लागोत.

व्यापारी कुटुंबांना यातील अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दूरच्या गावी वेळेवर माल मिळतो तेव्हा त्यामागे न दिसणाऱ्या अनेकांची शिस्त उभी असते. साहस करणाऱ्याचे नाव होते. पण साहस शक्य होते ते पाचशे मैलांच्या ओसाडीतही कोणीतरी रोज सकाळी दुकान उघडून बसलेले असते म्हणून. वायमनचे मोठेपण याने कमी होत नाही. उलट, जे मिळेल त्यावर भागवण्याची, अनोळखी माणसाकडे विनयाने मदत मागण्याची आणि मिळालेल्या मदतीवर पुढचे मैल जोडण्याची त्याची वृत्ती त्यातून दिसते. गर्विष्ठ मनुष्य त्या मैदानात फार दिवस टिकला नसता.

इंजिन थकले, पाय थकले नाहीत

ओमाहा मागे पडले आणि आयोवा लागले. येथून पुढची प्रेअरी नांगरलेली होती. जॉन डिअर या लोहाराने १८३७ साली इलिनॉयमध्ये पोलादी नांगर तयार केल्यापासून त्या चिकट काळ्या मातीत शेती करणे सोपे झाले, आणि उंच गवताची जागा मक्याने घेतली. आज इलिनॉय आणि आयोवा या राज्यांत मूळ प्रेअरीचा एक टक्का भागही उरलेला नाही. वायमनला मात्र त्या वेळी शेतांपेक्षा यंत्राची चिंता अधिक होती. इलिनॉयमध्ये, शिकागो शहर दृष्टिपथात येत असताना, इंजिनाचा क्रँक मोडला. शिकागोपर्यंत तो पायडल मारीत गेला आणि नवा भाग मिळेपर्यंत काही दिवस तेथे थांबून राहिला. कष्टाची सवय झालेल्या माणसाला असा रिकामा थांबा अधिक जड जातो.

मैदान संपले, लोकवस्ती दाट झाली, रस्ते सुधारले. इंडियाना, ओहायो, मग न्यूयॉर्क राज्य. पण पर्वत, वाळवंट, चिखल आणि हजारो स्लीपर यांचा हिशेब इंजिनाला आता चुकता करावा लागत होता. न्यूयॉर्क राज्यातील आल्बनी शहराजवळ ते निकामी झाले. न्यूयॉर्क शहर अजून सुमारे १५० मैल दूर होते.

येथे आगगाडीत बसणे सहज शक्य होते. हडसन नदीच्या काठाने गाड्या धावत होत्या. खंडाचा जवळजवळ सारा विस्तार पार झालेला होता आणि यंत्राने साथ सोडली, या कारणाला कोणी नाव ठेवले नसते. वायमनने ते केले नाही. निर्जीव इंजिनासह ते जड वाहन सायकलीसारखे पायडल मारीत त्याने ते १५० मैल कापले आणि ६ जुलै रोजी तो न्यूयॉर्क मोटारसायकल क्लबच्या दारात उतरला. प्रवासाला सुमारे पन्नास दिवस लागले होते.

हे शेवटचे १५० मैल अंगी येण्यासाठी आधीची प्रेअरी आवश्यक होती, असे म्हणता येईल. पर्वताने त्याला बळ वापरायला शिकवले. मैदानाने त्याला फळ दिसत नसतानाही बळ वापरीत राहायला शिकवले. क्षितिज जवळ येत नाही म्हणून न थांबण्याची सवय एकदा जडली, की इंजिन बंद पडले म्हणून थांबावेसे वाटत नाही.

वीस दिवसांनंतर आलेली कीर्ती

वायमन निघाल्यानंतर एका आठवड्याने, २३ मे १९०३ रोजी, त्याच सॅन फ्रान्सिस्कोतून होरेशिओ नेल्सन जॅक्सन नावाचे एक डॉक्टर मोटारगाडीतून निघाले. गाडीने तीन महिन्यांत देश ओलांडता येईल, अशी पन्नास डॉलरची पैज त्यांनी लावली होती. बरोबर सिवॉल क्रॉकर हा यंत्रज्ञ होता आणि वाटेत घेतलेला बड नावाचा एक कुत्राही. धुळीपासून संरक्षण म्हणून त्या कुत्र्याच्या डोळ्यांना चष्मा बांधलेला असे. २६ जुलै रोजी ते न्यूयॉर्कला पोहोचले, वायमनच्या बरोबर वीस दिवसांनंतर. या प्रवासावर त्यांनी सुमारे आठ हजार डॉलर खर्च केले.

मोटारगाडीने देश ओलांडणारे पहिले म्हणून जॅक्सन यांची कीर्ती रास्तच आहे. त्यांची गाडी आज स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. मात्र 'यंत्रवाहनाने प्रथम कोण?' या प्रश्नाचे उत्तर त्या प्रसिद्धीत झाकले गेले. पैज, श्रीमंत डॉक्टर, चष्मा लावलेला कुत्रा, हे सारे वृत्तपत्रांना आवडण्यासारखे होते. वायमनजवळ सांगण्यासारखे होते ते चिखल, पट्टा, रूळ आणि पुन्हा चिखल. 'द मोटारसायकल मॅगझिन' या मासिकाने त्याची प्रवासकथा त्याच वर्षी क्रमशः छापली. वर्ष सरले आणि लोक विसरले. वायमन आपल्या राज्यात परतला आणि १९५९ साली तेथेच निवर्तला. अलीकडच्या काळात मोटारसायकलप्रेमींनी त्याच्या मार्गाचा माग काढून ती स्मृती पुन्हा जागवली आहे.

आजची प्रेअरी, तेच क्षितिज

वायमनच्या प्रवासानंतर दहा वर्षांनी, १९१३ साली, किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या लिंकन महामार्गाची घोषणा झाली. नेब्रास्कात तोही प्लॅट नदीच्या काठानेच गेला. आज तेथे आंतरराज्य महामार्ग ८० आहे. नेब्रास्कातील त्याची लांबी सुमारे ४५५ मैल. त्यातील लिंकन आणि ग्रँड आयलंड या शहरांच्या दरम्यानचा एक भाग सत्तर मैलांहून अधिक अंतर जवळजवळ सरळ रेषेत जातो. वायमनला ज्यासाठी कित्येक दिवस घालवावे लागले, ते राज्य आजचा मोटारसायकलस्वार एका दिवसात मागे टाकतो. चिखल नाही, स्लीपर नाहीत, दर काही मैलांवर पेट्रोल आहे.

एवढे असूनही एकट्याने प्रेअरी ओलांडणाऱ्याला जे सोसावे लागते, त्यात काही गोष्टी जुन्याच आहेत. कशालाही न अडणारा वारा बाजूने सतत ढकलत राहतो आणि वाहन तिरके धरूनच सरळ जावे लागते. वादळ कित्येक मैल आधीपासून येताना दिसते. लपायला आडोसा नसतो. आणि बोलायला कोणी नसल्यामुळे मनातले आवाज मोठे होतात. आपण का निघालो, पोहोचून काय मिळणार, परत फिरावे का, हे प्रश्न मैदानात फार स्पष्ट ऐकू येतात. त्यांना उत्तर देण्याचा तेथे एकच मार्ग असतो : पुढचे गाव गाठणे.

मनुष्याच्या आयुष्यात शिखरे थोडी असतात, मैदानेच अधिक असतात. संसार असो, विद्या असो वा व्यवहार असो, बहुतेक वर्षे अशीच जातात की जेव्हा कालच्यापेक्षा आज काही वेगळे दिसत नाही. पेढी एखाद्या मोठ्या सौद्याने उभी राहत नाही. ती उभी राहते हजारो साध्या सकाळी कुलूप उघडून, वही मांडून बसल्याने. त्या काळात आपण मैलाला दहा फूट याप्रमाणे पर्वत उतरत असतो किंवा चढत असतो, आणि ते आपल्याला जाणवतही नाही.

वायमनला ते जाणवत होते की नाही, कोण जाणे. त्याने तुटलेला पट्टा पुन्हा जोडला, चाकाची माती खरवडली आणि तो पुढे निघाला. शेवटी इंजिनही गेले, तेव्हा त्याच्याजवळ पायडले होती.